निव्वळ वजन साडेअकरा किलो

सार्वजनिक सभागृहाच्या वहीत माझ्या मुलीच्या कलेची नोंद 'जड सामान, साठवण' अशी झाली, त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. उलट मी नसतो तर ती नोंदच झाली नसती. पण हे आमच्या घरात कुणाला पटत नाही. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. दुधाची पिशवी हातात घेतली की ती वीस ग्रॅम कमी आहे हे मला कळतं, आणि बाकी काहीही कळत नाही, असं घरच्यांचं मत आहे. शेजारीपाजारी मला काटेसाहेब म्हणतात. आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

तर कन्या शिल्पकला शिकून कला महाविद्यालयातून बाहेर पडली आणि तिनं बरोबरच्या चौघांना घेऊन प्रदर्शन भरवायचं ठरवलं. पाच जण, पाच शिल्पं. ते बघायला एक ज्येष्ठ शिल्पकार परगावाहून येणार होते. त्यांच्या कार्यशाळेत मदतनीसाची एक जागा रिकामी झाली होती, दोन वर्षांसाठी, आणि पाचांतल्या एकाला ते घेऊन जाणार होते. नाही घेतलं तर काय, तेही आमच्याकडे ठरलेलं होतं. मुलीच्या मामाचं फरशांचं दुकान आहे. "शिल्प म्हणजे शेवटी काय, जरा जाड फरशीच," असं मामाचं म्हणणं. त्यानं भाचीसाठी गोल फिरणारी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. 'इथे जमलं नाही तर पहिल्या तारखेपासून दुकानात बसेन,' असा शब्द कन्येनं आम्हाला दिला होता. तो देताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. म्हणून मी या प्रदर्शनात पडलो. एरवी मी कशात पडत नाही. हे वाक्य वाचून बायको मोठ्यानं हसली, पण मी ते खोडणार नाही.

आता कलेच्या बाबतीत माझं एक पथ्य आहे, ते आधी सांगायला हवं. कन्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं एक शिल्प घरी आणलं. मी मनापासून म्हणालो, "वा! टाकीचं झाकण मस्त झालंय." त्या शिल्पाचं नाव 'आई' होतं. मुलगी दोन दिवस बोलली नाही आणि आई चार दिवस. तेव्हापासून मी ठरवलं, की समोर काहीही आलं तरी 'हे काय आहे' असं विचारायचं नाही. मान तिरकी करायची, दोन पावलं मागे सरकायचं आणि "हं" म्हणायचं. हे इतकं जमून गेलं, की कन्येच्या मैत्रिणी मला जाणकार समजायला लागल्या.

त्या सुमारास कन्या गच्चीवरच्या खोलीत दार लावून काम करत असे. काय करते ते कुणाला दाखवत नव्हती. पण जेवताना ती माझ्या नाकाकडे एकटक बघायची. मी नाक पुसायचो. तरी बघायची. मग नजर कानाकडे जायची, तिथून हनुवटीखाली. मी तिथेही पुसायचो.

"काय लागलंय का?"

"काही नाही बाबा, जेवा तुम्ही."

असं तीन महिने चाललं होतं. नाक पुसून पुसून लाल झालं. त्यातच एक दिवस बायकोची निळीची बाटली नाहीशी झाली आणि तिचाही संशय, का कुणास ठाऊक, माझ्यावरच आला.

सभागृह मिळवण्याचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. सरकारी कागदांशी कसं बोलायचं हे मला कळतं अशी माझी समजूत होती. सभागृहाच्या कारकुनानं अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

"यात चारच कारणं आहेत. लग्न, सभा, विक्री, साठवण. तुमचं कशात बसतं?"

"प्रदर्शन आहे. शिल्पांचं."

"विकणार?"

"कुणी घेतलं तर."

"घेतलं तर, असं विक्रीत चालत नाही. विक्री म्हणजे विक्री. भाषणं आहेत?"

"नाहीत."

"मग सभा नाही." त्यानं लग्नाच्या रकान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तो रकाना सोडून दिला. "वस्तू जड आहेत का?"

"आहेत."

"मग असं सांगा की आधी! साठवण."

साठवणीचे नियम त्यानं वाचून दाखवले. प्रत्येक नगावर वजनाची चिठ्ठी हवी. वरची बाजू कुठली ते बाणानं दाखवलेलं हवं. सामानापाशी एका वेळी पाचापेक्षा जास्त माणसं थांबता कामा नयेत. आणि तोडफोडीला सक्त मनाई. मला, खरं सांगतो, हे नियम आवडले. कलेच्या जगात पहिल्यांदाच कुणीतरी वजन विचारलं होतं. मी घरी येऊन माझा जुना तराजूकाटा माळ्यावरून काढला आणि तेल घालून ठेवला.

आमच्या समोर दाताचे डॉक्टर राहतात. त्यांना आपलं मत देण्यासाठी विचारावं लागत नाही. ते जिन्यातच म्हणाले, "काटेसाहेब, नुसत्या वस्तू मांडून कुणी येत नाही. माझ्या दवाखान्यात बघा. बाहेर चार माणसं बसलेली दिसली, की पाचव्याचाही दात दुखायला लागतो." मी त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं. ते किती खरं होतं ते पुढे येईलच.

प्रदर्शन रविवारी चार वाजता उघडणार होतं. ज्येष्ठांना मानानं आणायला हवं, म्हणून कन्या शनिवारीच त्यांच्या गावी गेली. जाताना म्हणाली, "मी उद्या बाराला घरी पोचते. माझं काम माझं मी बघते. तुम्ही फक्त बाकीच्यांची शिल्पं पोचवा." रविवारी साडेबारा वाजले तरी पत्ता नाही. मग फोन आला. गाडी रस्त्यात बंद पडली होती. "आता साडेचार तरी होतील," कन्या म्हणाली. आवाज रडवेला होता. "आता काही होत नाही, बाबा. माझं काम तिथेच वर..." आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? पोरीला घोर लागलाय, आपलं शिल्प घरीच राहिलं म्हणून. मी नेतो."

"अहो, पण ते पूर्ण झालंय का, विचारा तरी."

"कलावंताला 'पूर्ण झालं का' असं विचारतात का कधी?" मी म्हणालो आणि गच्चीवर गेलो.

खोलीच्या मधोमध ते होतं. मोठ्या भोपळ्याएवढा एक पांढरा गोळा, अंगभर उंचवटे, मध्येच पोत्याच्या चिंध्या चिकटलेल्या, दोन बाजूंनी लोखंडी सळया बाहेर आलेल्या. शेजारच्या बादलीत चिखल. मी मान तिरकी केली, दोन पावलं मागे सरकलो, बादलीत पाय गेला, पण "हं" मी म्हणालोच. आणि तुम्हाला सांगतो, मला ते आवडलं. काय ते कळलं नाही, पण इतकं जड काहीतरी आपल्या मुलीनं एकटीनं केलं, याचंच मला कौतुक वाटलं. काट्यावर घातलं. बरोबर एकोणतीस किलो. सपाट बाजू खाली धरून मी वर बाण काढला.

टेम्पोचालकानं दुसऱ्या बाजूनं हात लावला. जिना उतरताना म्हणाला, "साहेब, हे पॅकिंगसकटच ठेवायचं का तिथे?"

मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "हे शिल्प आहे," मी म्हणालो. "नव्या पद्धतीचं."

"नाही, मला आपलं वाटलं आत काहीतरी आहे," तो म्हणाला. आम्ही ते बाकीच्यांच्या शिल्पांमध्ये नेऊन ठेवलं. कुणाचा तारांचा पक्षी होता, कुणाची लाकडाची झोपलेली बाई. त्या चौघांनी कन्येच्या गोळ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि ते आपापल्या शिल्पांवरची धूळ झटकायला लागले. मला वाटलं, हेवा.

कन्या पोचायच्या आधीच लोक यायला लागले. कारकून दारात खुर्ची टाकून बसला आणि पाच माणसं आत गेली की सहाव्याला अडवायला लागला. त्यामुळे दहा मिनिटांत बाहेर रांग लागली. रांग बघून येणारेजाणारे थांबले. आत काय मिळतं असं एकानं विचारलं, तेव्हा पुढच्यानं 'आत गेल्यावर कळेल' म्हणून सांगितलं, आणि तो माणूस घरी जाऊन सासऱ्यांना घेऊन आला. रांग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेली. दाताचे डॉक्टर रांगेतून माझ्याकडे बघून भुवया उडवत होते.

आणि सगळ्यात जास्त लोक कन्येच्या गोळ्यापाशी थांबत होते. मी बाजूला उभा राहून कानोसा घेत होतो. खांद्याला झोळी लावलेल्या एक बाई म्हणाल्या, "काय घुसमट आहे हो यात!" त्यांच्या बरोबरच्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, 'एकोणतीस किलो', आणि ते हळूच म्हणाले, "एकोणतीस. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर." दोघं गोळ्याभोवती आणखी एक चक्कर मारून आले. माझा ऊर भरून आला. मामालाही फोन करून सांगितलं, की ती खुर्ची परत होते का बघ.

पावणेपाचला कन्या ज्येष्ठांना घेऊन आली. ज्येष्ठ म्हणजे काठी टेकत चालणारे, बारीक अंगाचे, मोठे कान असलेले गृहस्थ. कन्या आत शिरली, तिनं गोळा पाहिला आणि ती जागच्या जागी थांबली.

"बाबा, हे इथे कुणी आणलं?"

"मी," मी म्हणालो. नम्रपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाबा, हा साचा आहे."

मग ती मला समजावून सांगायला लागली. आधी मातीचं डोकं करतात. त्यावर प्लास्टरचा साचा चढवतात. आतली माती काढून टाकतात, ती बादलीतली. मग पोकळीत पुन्हा प्लास्टर ओततात. ते घट्ट झालं, की बाहेरचा साचा छिन्नीनं फोडून काढायचा. हे शेवटचं काम ती आज दुपारी घरी येऊन करणार होती. थोडक्यात, गेला पाऊण तास मी लोकांना खोकं दाखवत होतो.

झोळीवाल्या बाईंनी झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तारांचा पक्षी करणारा चपलेकडे बघत राहिला. मला वाटलं, सभागृहाची जमीन दुभंगावी आणि मला साठवणीत घ्यावं. पण त्याहून वाईट म्हणजे कन्या माझ्यावर रागावली नाही. ती नुसती म्हणाली, "असू दे बाबा. तसंही आज घरी पोचले नव्हतेच मी." आणि शब्द देताना जो चेहरा झाला होता, तोच परत झाला.

ज्येष्ठांनी खुर्ची मागवली. गोळ्यासमोर ती ठेवून घेतली आणि बसले.

"माझी गाडी सातला आहे," ते म्हणाले. "फोड."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"पूर्ण झालेली शिल्पं मी जन्मभर बघत आलोय. हात कसा चालतो ते कुणी दाखवत नाही. फोड."

लाकडाच्या बाईवालीनं धावत जाऊन आपली छिन्नी आणि लाकडी हातोडी आणली. कन्येनं ओढणी कमरेला बांधली. आणि तेवढ्यात कारकून उठला.

"थांबा! साठवणीच्या जागेत तोडफोड चालत नाही. नियम सात."

इथे मला माझं स्थान सापडलं. चौतीस वर्षांत माझ्यासमोर भल्याभल्या व्यापाऱ्यांनी हात जोडले होते, ते उगाच नव्हे. टेम्पोचालकाचा शब्द मला आठवला. त्याची मनातल्या मनात क्षमा मागून मी पुढे झालो.

"ही तोडफोड नाही. माल आत आहे. हे पॅकिंग काढणं आहे. पॅकिंग काढायला तुमच्या नियमात मनाई आहे का?"

त्यानं नियम वाचले. परत वाचले. "नाही," तो म्हणाला. "पण मग ही चिठ्ठी चुकीची ठरते. ही पॅकिंगसकट आहे."

"एकोणतीस किलो एकूण वजन. काढून झालं की निव्वळ वजन लिहू. काटा मी बरोबरच आणलाय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका खात्याला दुसऱ्या खात्याची ओळख पटली. "करा," कारकून म्हणाला, आणि स्वतःच पुढे येऊन उभा राहिला.

कन्येनं छिन्नी टेकवली, उचलली, परत टेकवली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, इथे येऊन बसा. दिव्याकडे तोंड करून."

"मी कशाला?"

"नाक किती पुढे आलंय ते बघायचंय."

मी बसलो. ती माझ्या नाकाकडे बघायला लागली, अगदी जेवताना बघायची तसं, आणि माझा हात सवयीनं रुमालाकडे गेला. तो तिथेच राहिला. आत कोण आहे ते मला तेव्हा कळलं. तीन महिने मी नाक पुसत होतो, आणि तिला ते नाक पाठ करायचं होतं.

"पुसू नका बाबा. हलू नका."

पहिला घाव बसला तेव्हा मी डोळे मिटले. दुसऱ्याला पाहिलं तर पांढऱ्याखाली निळा थर दिसला. ज्येष्ठांनी मान हलवली. साच्याचा सगळ्यात आतला थर निळा करतात, म्हणजे आपण चेहऱ्याजवळ आलो हे छिन्नीला समजतं. बायकोची निळीची बाटली अशी सापडली. पुढचा दीड तास कन्या एकदा माझ्याकडे बघायची आणि एक घाव घालायची. कपाळावर जोरात, गालांवर हळू, ओठांपाशी तर श्वास धरून. मीही धरत होतो. समोर आपल्याच डोक्यावर हातोडी पडताना स्तब्ध बसणं वाटतं तितकं सोपं नाही.

नाकपुड्यांपाशी छिन्नी जाईना. दाताचे डॉक्टर रांगेतून ओरडले, "मी येतो!" आणि घरी जाऊन अवजारांचा डबाच घेऊन आले. "नाकात माझा हातखंडा नाही," ते म्हणाले, "पण पोकळी ती पोकळीच." बारीक आकडीनं त्यांनी दोन्ही नाकपुड्या साफ करून दिल्या आणि सवयीनं मला म्हणाले, "दोन तास काही खाऊ नका."

डाव्या कानाशी नको ते झालं. छिन्नी जरा घसरली आणि पाळीचा तुकडा खाली पडला. कन्येचा हात थांबला. ज्येष्ठ म्हणाले, "वडिलांचा खरा कान जागेवर आहे ना?"

मी चाचपला. "आहे."

"मग काय बिघडलं? चालू ठेव."

तिनं डोळे पुसले आणि हातोडी उचलली. छिन्नी चेहऱ्याला लागू न देता शेवटचा तुकडा तिनं ज्या अलगदपणे काढला, तसा अलगदपणा मी तिच्या हातात कधी पाहिला नव्हता. पाहिला नव्हता म्हणजे, मी बघतच नव्हतो.

मला सुंदर केलेलं नव्हतं, हे आधीच सांगतो. हनुवटीखाली दुसरी हनुवटी होती. तोंड किंचित उघडं होतं. काहीतरी सांगायला निघालेला आणि कुणी ऐकत नाही हे कळलेला, पण तरी सांगणारच, असा एक माणूस.

दारात बायको आणि कारकून यांची जुंपली होती. "आत पाच झाले," तो म्हणत होता. बायको म्हणाली, "तो बसलेला माझा आहे आणि तो ठेवलेलाही माझाच आहे. सरका." ती आली, डोक्याकडे बघत राहिली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अगदी हेच तोंड! 'माझा चष्मा कुठे गेला' असं रोज सकाळी याच तोंडानं विचारतात." मग तिचं हसू मध्येच थांबलं आणि तिनं कन्येला जवळ घेतलं.

कारकुनानं काटा पुढे केला. साडेअकरा किलो. साडेसतरा किलो नुसतं पॅकिंग होतं. मी नवी चिठ्ठी लिहिली आणि त्यानं खाली सही केली.

ज्येष्ठ उठले, बाकीच्या चौघांची शिल्पं त्यांनी सावकाश फिरून पाहिली, प्रत्येकाशी दोन शब्द बोलले. दारात कन्येला म्हणाले, "उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी कार्यशाळेत ये." मग माझ्याकडे वळले. "सामान मात्र तिचं तिलाच आणू द्या."

खरं तर मला आनंदानं ओरडायचं होतं. मी "हं" म्हणालो.

त्याला आता पाच महिने झाले. मामानं ती गोल खुर्ची मला दिली. डोकं आमच्या बैठकीत कपाटावर आहे, डावी पाळी तशीच उडालेली. बायको त्याच्या नाकावर माझा चष्मा अडकवून ठेवते, त्यामुळे तो आता सापडतो. दाताचे डॉक्टर आले की नाकपुड्यांत डोकावून जातात. कन्येचा फोन दर रविवारी येतो. हातांना घट्टे पडलेत म्हणते, आणि आवाजावरून ती खूश आहे हे मला कळतं. मलाही आनंदच आहे. फक्त जेवायला बसलं की अजून माझा हात रुमालाकडे जातो. मी नाक पुसतो, वर बघतो, आणि समोरच्या खुर्चीवर कुणी नसतं.